सत्ताविसाव्या मजल्यावरचा ओला साबण

३ नोव्हेंबर, सोमवार

एजन्सीच्या तक्त्यात खुणा करायला चौकोन आहेत. नळ सोडले, खूण. खिडक्या उघडल्या, खूण. कुबट वास नाही, खूण. संशय आला, यासाठी चौकोन नाही. म्हणून ही वही.

आज पियानोच्या घरात साबण ओला होता.

नीट लिहिते, म्हणजे उद्या मलाच शंका यायला नको. या इमारतीतली नऊ घरं माझ्याकडे आहेत, सगळी वरच्या मजल्यांवरची, सगळी रिकामी. मालक कुठे कुठे परदेशात असतात. दोन वर्षांत मी त्यांतला एकच पाहिला, तोही लिफ्टमध्ये, पाठमोरा. दर सोमवारी आणि गुरुवारी मी प्रत्येक घर उघडते, नळ तीन मिनिटं वाहू देते, संडासात पाणी सोडते, भिंतींना हात लावून ओल बघते आणि तासभर दिवे लावून ठेवते. घर राहतं वाटलं पाहिजे, असं मॅडम म्हणतात. मॅडम म्हणजे एजन्सीच्या मुख्य. त्या स्वतः कधी वर येत नाहीत, उंटावरून शेळ्या हाकतात.

पियानोचं घर सत्ताविसाव्या मजल्यावर. तिथल्या स्वयंपाकघरामागे नोकरांसाठी एक लहान न्हाणीघर आहे. हात धुवायला मी तिथे साध्या साबणाची वडी ठेवली आहे. गुरुवारी वापरली होती. चार दिवसांत ती खडखडीत वाळायला हवी. आज बोट लावलं तर बोट घसरलं.

बावीस वर्षं मी हॉटेलात मजल्यावरच्या सफाईची मुख्य होते. उशीचा खळगा बघून सांगायचे, पाहुणा झोपला की जागाच होता. मला कुणी साबण शिकवू नये.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साबण पुन्हा ओला. शिवाय सुकत टाकलेलं फरशी पुसायचं फडकं चार घड्या घालून ठेवलेलं. मी फडकं तारेवर फेकते. घड्या घालत नाही.

वर कोण कोण येऊ शकतं? मागच्या दारावरचा पहारेकरी मिशीवाला. मिशी एवढी मोठी की बोललेलं अर्धं तिच्यातच अडकतं. हल्ली मला बघून उगाच हसतो. आणि दुसरी गुणगुणी. ही जिने आणि मजल्यांवरच्या मोकळ्या जागा पुसते. सतत काहीतरी गुणगुणते, पण गाणं कुठलं ते शेवटपर्यंत कळत नाही. तळघरात झाडू-बादल्यांची खोली आहे, तिथेच राहते. इमारतीवाल्यांनी राहू दिलंय, कारण मग तिला पहाटे पाचला कामाला लावता येतं. तळघरात राहणाऱ्या बाईला सत्ताविसाव्या मजल्यावर झोपावंसं वाटलं तर नवल नाही.

किल्ल्यांचा एक जुडगा माझ्या कमरेला असतो, जादा जुडगा घरी कपाटात, पत्र्याच्या डब्यात. आज घरी आल्यावर तो मोजला. नऊच्या नऊ. घरात मी आणि सूनबाई दोघीच. मुलगा जहाजावर, अजून पाच महिने यायचा नाही.

सूनबाईचंही काही कळत नाही. फोनवर हळू बोलते आणि मी आले की "बरं, ठेवते" म्हणते. तिच्या लोखंडी पेटीला हल्ली कुलूप नसतं. माझ्यावर विश्वास आहे हे दाखवण्यासाठी असेल. मला असला दिखाऊ विश्वास आवडत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ताई आली होती चहाला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बासष्टची, आणि अजूनही चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि एका भाड्याच्या खोलीत राहिली. सप्टेंबरात ती इमारत विकली गेली, पाडून तिथे उंच काहीतरी होणार आहे. मग तीन आठवडे आमच्याकडे होती. ऑक्टोबरात एका सकाळी पिशवी उचलून निघून गेली.

कारण काय, तर माझी अंगठी सापडत नव्हती आणि मी विचारलं, पाहिलीस का. एवढंच. विचारणं म्हणजे आरोप नव्हे. अंगठी पुढच्या आठवड्यात पिठाच्या डब्यात मिळाली. तिला सांगायचं राहून गेलं, आणि आता इतक्या उशिरा सांगितलं तर उगाच विषय निघेल.

असो. तिला जागा बरी मिळाली आहे म्हणते. कुणा बाईचं घर आहे, बाई सारखी परदेशी असते.

"मग तू एकटीच?" मी विचारलं.

"एकटीच. वारा फार लागतो गं. काचेवर धडका देतो. आणि खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात."

ताईला पहिल्यापासून थोडं वाढवून सांगायची सवय. लहानपणी पडवीतला सरडा तिने मगर म्हणून सांगितला होता.

निघताना म्हणाली, "तू त्या घरांवर सोमवारी आणि गुरुवारीच जातेस ना? अधेमधे नाही ना बोलावत?"

बहिणीच्या कामाची एवढी काळजी आजच कशी वाटली, कोण जाणे. सूनबाईने तिला जाताना डबा भरून दिला. मला विचारलंही नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पियानोच्या घरातल्या मोठ्या पडद्याची खालची मुडप दोन वीत उसवली होती. ऑक्टोबरात धुऊन आलेले पडदे चढवले तेव्हाच मी तक्त्यात लिहिलं होतं. तेव्हा पडदे उचलायला ताईला बरोबर नेलं होतं. तीही म्हणाली होती, एवढं भारी कापड आणि शिवण अशी.

आज बघते तर मुडप शिवलेली. बारीक, एकसारखे टाके, उजेडात धरल्याशिवाय दिसणार नाहीत. मॅडमना फोन करून विचारलं, शिंपी पाठवला होता का. म्हणाल्या, आम्ही कुणालाही पाठवलेलं नाही, बाई, तुम्ही झोप नीट घेता का?

म्हणजे घरात चोर येतो आणि पडदे शिवून जातो. हे मी कुणाला सांगू? पण कुठेतरी पाणी मुरतंय, हे नक्की.

निघताना दाराच्या चौकटीला, गुडघ्याच्या उंचीवर, काळा दोरा आडवा ताणून चिकटवला. आत कुणी शिरलं की तुटणार. मागच्या, स्वयंपाकघराच्या दारालाही तसाच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पुढचा दोरा शाबूत होता. मागच्या दाराचाही होता. मला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली. मग दिवा लावून पाहिलं.

मी काळा लावला होता. हा गर्द निळा होता.

जमिनीवर बसले मी. कुणीतरी दोरा तोडून आत आलं, तुटल्याचं त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने त्याच जागी, त्याच उंचीवर दुसरा लावला, माझ्यापेक्षा सरळ. फक्त रंग चुकला. हा साधासुधा भुरटा नाही. हा पक्का मुरलेला माणूस आहे.

खाली मिशीवाला म्हणाला, "बाई, वरची काळजी करू नका. मी आहे ना. आपल्या माणसांकडे आपण नाही बघायचं तर कुणी?"

आपली माणसं? हा कधीपासून माझा झाला? त्याने डोळा मारला की मिशी हलली, ते नक्की कळलं नाही.

इमारतीसमोर उड्डाणपुलाखाली माणसं राहतात. प्लास्टिकचे कागद ताणून घरं केली आहेत. आज जाताना त्यांच्याकडेही नीट पाहिलं. एक म्हातारा बसून दाढी करत होता. साबण कुठला होता ते लांबून दिसलं नाही. दिसावं म्हणून मी थांबले, तेव्हा त्याने आरसा खाली करून विचारलं, "काही हवंय का बाई?" मी पाय उचलला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं!

आज मी सत्ताविसाव्यावर नेहमीच्या वेळेआधी तासभर गेले, मागच्या जिन्याने. सव्वीस आणि सत्तावीसच्या मधल्या वळणावर गुणगुणी. हातात दोन कप चहा. मला बघताच गुणगुणणं बंद.

"दोन कप?" मी म्हटलं.

"एक तुमच्यासाठीच आणत होते, बाई."

"मी अजून यायची होते. तुला कसं कळलं मी येणार ते?"

ती दोन्ही कप पायरीवर ठेवून पदराने हात पुसत बसली आणि म्हणाली, "बाई, तुम्हाला हे असं का विचारावं लागतंय?"

कसला हा प्रश्न? मी पियानोचं घर उघडलं. आत कुणी नव्हतं. पण मागच्या दाराची कडी आतून लावलेली नव्हती, आणि न्हाणीघरातल्या तारेवर ओला रुमाल होता. गुणगुणी कुणाला तरी आत घेते, हे उघड आहे. पुलाखालचा कुणी असेल, नातेवाईक असेल.

घरी येऊन तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं लिहिलं. सूनबाई मागे उभी राहून वाचत होती ते मला उशिरा कळलं. "आई, हे देऊ नका," म्हणाली. "नीट चौकशी तरी करा."

"अगं, पंधरा दिवस चौकशीच करतेय."

"मला विचारलंत का?"

"तुला काय माहीत असणार?"

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसात मॅडम, इमारतीचे व्यवस्थापक, मी आणि गुणगुणी. तिला बसायला सांगितलं नाही म्हणून ती उभीच होती.

मॅडमनी माझं पत्र वाचून दाखवलं. साबण, फडकं, दोरा, चहा. वाचताना ते फार पटण्यासारखं वाटलं. दुसऱ्याच्या आवाजात आपलं लिहिलेलं नेहमी खरं वाटतं.

"तू कुणाला आत घेत होतीस?" व्यवस्थापकांनी विचारलं.

गुणगुणी त्यांच्याकडे बघेना. माझ्याकडेच बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही हे म्हणताय? तुम्ही?"

"मी जे पाहिलं ते लिहिलं," मी म्हटलं.

"मग माझं काही म्हणणं नाही."

"म्हणजे कबूल आहे?" मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे माझं काही म्हणणं नाही."

संध्याकाळपर्यंत खोली मोकळी करायला सांगितलं. दारातून जाताना ती माझ्याजवळ थांबली. मला वाटलं, आता शिव्या देते. हळूच म्हणाली, "त्यांना गुडघ्याला गार फरशी सोसत नाही. खाली काहीतरी अंथरा." आणि गेली.

कुणाला? म्हणजे तिथे कुणीतरी राहत होतं, हे तिने तिच्या तोंडाने सांगितलं की नाही? मी हे लगेच मॅडमना सांगायला हवं होतं. का सांगितलं नाही, माहीत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

ताई चहाला आली नाही. फोनही नाही. सूनबाईने दुपारी भांडी आपटत घासली. मी विचारलं तर म्हणाली, "मी बाहेर जाऊन येते," आणि दोन तासांनी परत आली, डोळे सुजलेले. नवऱ्याशी भांडली असेल फोनवर.

मला वाटलं होतं, काम फत्ते झाल्यावर बरं वाटेल. हॉटेलात चादरी चोरणारा पकडला होता तेव्हा आठवडाभर छाती पुढे काढून फिरले होते. या वेळी तसं काही होत नाहीये. वय झालं असेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हे लिहायला तीनदा बसले आणि तीनदा उठले.

सकाळी पियानोचं घर उघडलं. दार ढकलल्यावर नेहमी येतो तो बंद घराचा वास आला नाही. मोठ्या खिडकीशी, गालिचा गुंडाळून बाजूला सारलेल्या जागी, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ताई बसली होती. शेजारी तिची पिशवी, बांधलेली. मांडीवर हात. शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसावं तशी.

"ये," ती म्हणाली. "तुझीच वाट बघत होते."

मला पहिलं काय सुचावं? मी मागे वळून दार लावलं आणि म्हटलं, "तुला वर येताना कुणी पाहिलं का?"

ताई हसली. "पाच आठवडे झाले. सगळे बघतात. तो मिशीवाला दार उघडून धरतो."

"पाच आठवडे?"

"तुझ्याकडून निघाले त्यानंतर दोन रात्री स्टेशनवर काढल्या. तिसऱ्या दिवशी तुझ्या सुनेने शोधून काढलं. म्हणाली, घरी चला. मी नाही म्हटलं. मग तिने ही किल्ली आणून दिली. म्हणाली, आईंकडे नऊ घरं आहेत, मावशी, आणि नऊही रिकामी. मिशीवाल्याने मला तुझ्याबरोबर पडदे उचलताना पाहिलं होतं. त्याला वाटलं, तूच ठेवलं आहेस. त्या गुणगुणणाऱ्या पोरीलाही तसंच वाटलं. मी त्यांना तसं वाटू दिलं, ही माझी चूक."

मी कमरेचा जुडगा चाचपला. कपाटातला जादा जुडगा मोजला होता की मी. नऊ. मग कळलं. मोजल्या होत्या, पाहिल्या नव्हत्या. नववी सूनबाईच्या पेटीची होती.

मला राग आला. खोटं कशाला लिहू, आधी रागच आला. "माझी नोकरी गेली असती, ताई! माझ्या जिवावर उठलात सगळ्या! आणि हे लोकांचं घर आहे."

"लोक कुठे आहेत?" ताई म्हणाली. उलट उत्तर म्हणून नाही, खरंच विचारत असल्यासारखी. "मी रोज वाट बघायचे, कुणी येईल म्हणून. आलं असतं तर सांगितलं असतं, जाते. सोफ्यावर बसले नाही. पलंगाला हात लावला नाही. दिवा लावला नाही. तुझा साबण वापरला तेवढा. आणि पडद्याची ती शिवण मला बघवेना."

"मग घरी का नाही आलीस? जागा होती. तुझी होती ती खोली!"

ताईने पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली.

"तू अंगठीचं विचारलंस ना," ती म्हणाली, "तेव्हा मी तुझ्याबरोबर शोधायला लागले. आठवतं? या वयात पलंगाखाली सरपटत गेले. तिथून डोकं बाहेर काढलं तर तू माझी पिशवी उघडून बघत होतीस."

मी ते केलं होतं. तीन आठवड्यांत या वहीत ते लिहिलं नाही. इतरांच्या साबणाचं लिहिलं.

"अंगठी सापडली," मी म्हटलं. "पिठाच्या डब्यात."

"माहीत आहे. सुनेने त्याच दिवशी सांगितलं." मग ती पिशवीला टेकून, एका हाताने जमीन दाबत, उभी राहिली. "ते जाऊ दे. मी तुझी वाट त्यासाठी बघत नव्हते. त्या पोरीला काढलं, हे काल तुझ्या सुनेने येऊन सांगितलं. ती मला रोज चहा द्यायची. ऑफिसात तिने माझं नाव का घेतलं नाही, ठाऊक आहे? तिला वाटलं, तुझं बिंग फुटेल. तुला वाचवत होती ती. आता तू मला त्या मॅडमकडे घेऊन चल."

मी तिला मॅडमकडे नेलं नाही. घरी आणलं. जिन्याने, सत्तावीस मजले, कारण लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर काय, ही भीती. तेव्हाही मला तेच सुचत होतं. तिच्या गुडघ्यांचं चौदाव्या मजल्यावर लक्षात आलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज दिवसभर आमच्या घरात चोर कोण यावरून भांडण चाललं होतं, फक्त उलटं. ताई म्हणते, राहिले मी, मी जाऊन सांगते. सूनबाई म्हणते, किल्ली मी दिली, मी जाते. दोघी एकमेकींच्या आधी चपला घालायला धावल्या.

मी गप्प होते. मनात काय चाललं होतं ते लिहिते. कुणाला काही कळलेलं नाही. ताई घरी आली, किल्ली परत आली. गुणगुणी काम शोधेल, हातपाय धड आहेत. आपण गप्प बसलो तर हे इथेच मिटतं. असा विचार मी आज एकदा नाही, दिवसभर केला. भात गिळवेना, पण विचार सोडवेना.

संध्याकाळी सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही मला पोलिसांत दिलंत तरी चालेल. पण ती तळघरात राहायची. काम गेलं म्हणजे तिचं घरही गेलं."

हे मला माहीत होतं. मीच तर वहीत लिहिलं होतं, तळघरात राहते म्हणून. संशय घ्यायला लिहिलं होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मॅडमना सांगितलं, माझी बहीण होती. किल्ली माझ्या घरून गेली, माझ्या निष्काळजीपणाने. सूनबाईचं नाव घेतलं नाही. गुणगुणीचा काही संबंध नाही.

मॅडमनी आधी दार लावून घेतलं. मग पाणी प्यायल्या. मला वाटलं होतं पोलीस बोलावतील. पण त्यांना दुसरीच चिंता होती.

"मालकांना कळता कामा नये," त्या म्हणाल्या. "आपल्या देखरेखीतल्या घरात पाच आठवडे कुणी राहिलं, हे बाहेर गेलं तर उद्या नऊच्या नऊ घरं जातील. तुम्ही प्रकृतीच्या कारणाने काम सोडताय असं लिहून द्या. विषय संपला."

"आणि गुणगुणी?"

"तिच्या जागी नवी बाई आली आहे."

"मग निदान तसं लिहून द्या. तिची चूक नव्हती म्हणून. तुमच्या शिक्क्यानिशी. नाहीतर कुठल्याच इमारतीत तिला उभं करणार नाहीत, तुम्हीच सगळीकडे कळवलं असणार."

"असा कागद आम्ही देत नाही."

मी जन्मात कुणाला धमकी दिली नव्हती. "मॅडम, नऊही मालकांचे पत्ते माझ्याकडे आहेत. दर महिन्याला ओलीचा अहवाल मीच पाठवते. या महिन्यात जरा मोठा पाठवीन."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. अर्ध्या तासात कागद टाइप होऊन आला. मी किल्ल्यांचे दोन्ही जुडगे टेबलावर ठेवले. किल्ल्या त्यांनी एकेक करून पाहिल्या. नुसत्या मोजल्या नाहीत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दोन दिवस गुणगुणीला शोधलं. पुलाखाली विचारलं, तर बायका माझ्याकडे बघून मुलांना जवळ ओढत होत्या. शेवटी मिशीवाल्याने पत्ता दिला, तोही माझ्याकडे न बघता. या वेळी त्याचा एकही शब्द मिशीत अडकला नाही. म्हणाला, "बायकांचा निवारा आहे, बाजारामागे. पाचला दार उघडतात. दोनपासून रांग लावली तरच खाट मिळते. तुम्ही कधी रांग लावली नसेल."

तीनला पोचले. साठ-सत्तर बायका भिंतीला लागून उभ्या होत्या, काही बोचक्यांवर बसल्या होत्या. ती मधे कुठेतरी होती. गुणगुणत नव्हती.

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"ताई कशा आहेत?" तिने विचारलं.

"घरी आहेत. तूही चल. आमच्याकडे दोन खोल्या आहेत, आम्ही तिघी बायकाच आहोत."

तिने आधी रांगेत पुढे किती बायका आहेत ते पाहिलं. मग म्हणाली, "नको, बाई. तुमच्या घरात उद्या एखादी वस्तू सापडेनाशी झाली, तर तुम्ही आधी कुणाकडे बघाल?"

मी "नाही गं" म्हणायला तोंड उघडलं आणि ते निघेना. निघालं असतं तरी तिला पटलं नसतं. मलाही नाही.

मी कागद काढून पुढे केला. तिने घेतला नाही.

"वाचा," ती म्हणाली. "मला वाचता येतं. पण तुम्ही वाचा. मोठ्याने. इथे माझ्या आधी बातमी आली आहे."

मी वाचलं. की एका कर्मचारी महिलेच्या चुकीच्या तक्रारीमुळे हिला कामावरून कमी करण्यात आलं. की चौकशीअंती तक्रार निराधार आढळली. की हिच्या सचोटीबद्दल कोणतीही शंका नाही. पुढच्या मागच्या बायका गप्प होऊन ऐकत होत्या.

"पुन्हा," गुणगुणी म्हणाली. "त्या टोकापर्यंत गेलं नाही."

मी पुन्हा वाचलं, आणखी मोठ्याने. रांगेच्या टोकाची एक म्हातारी ओरडून म्हणाली, "कोण गं ती बया, तक्रार करणारी? नाव नाही का लिहिलंय?"

कागदावर नाव नव्हतं. मॅडमनी मुद्दाम घातलं नव्हतं. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. गुणगुणीने माझ्याकडे पाहिलं आणि ऑफिसात राहिली होती तशीच गप्प राहिली.

"मी," मी म्हटलं. "मीच ती."

कुणी थुंकलं नाही, कुणी शिवी दिली नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, "मग उभी का आहेस? बस, दोन तास आहेत अजून." कुणीतरी बोचकं सरकवून जागा केली. मी पाचपर्यंत बसले. गुणगुणीला खाट मिळाली, आतल्या बाजूची.

आत जाण्याआधी तिने कागद माझ्या हातातून घेतला. "सोमवारी आठला एका शाळेत कामाचं विचारायला जायचंय," ती म्हणाली. "तुम्ही फाटकाशी या. नुसत्या कागदावर कोण विश्वास ठेवतं? त्याच्याबरोबर माणूस लागतं."

येते म्हटलं.

आता ताई झोपली आहे, गुडघ्यांखाली घडी घातलेली रजई घेऊन. आणि मला बसल्या बसल्या मनात येतंय, की ही बाई मला त्या फाटकाशी नुसती उभी तर करून ठेवणार नाही? स्वतः यायचीच नाही, आणि मी तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघत ताटकळत राहीन?

ठेवलं उभं, तर उभी राहीन.